पळायला काय झालंय?

कराडात पहाटे पळणाऱ्या माणसाला दोनच कारणं शोभतात: एक भरती, दुसरं शुगर. पंचविशीच्या आतला असेल तर पोलिसात किंवा मिलिटरीत जायचं असणार आणि पन्नाशीकडे झुकलेला असेल तर डॉक्टरांनी दम दिलेला असणार. माझं भरतीचं वय केव्हाच उलटलं आणि शुगर अजून तरी काबूत आहे. त्यामुळे पंचाईत होते. कृष्णा पुलावरून विद्यानगरच्या दिशेनं निघालो की एखादा दूधवाला गाडी हळू करून विचारतो, "काय झालं ओ?" झालेलं काहीच नसतं. "मग बसा की मागं, सोडतो." नको म्हटलं की तो काळजीनं बघतो आणि दोनदा मागं वळून पाहत पुढं जातो.

हाफ मॅरेथॉनची तयारी चाललीय, हे सांगून भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नंबर आला तर किती देतात?" नंबर येत नाही, उलट पळायचे पैसे आपणच भरतो, हे कळल्यावर समोरचा विषय बदलतो आणि पावसाबद्दल बोलू लागतो. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून हाकेच्या अंतरावर राहून हरण्यासाठी पैसे भरायचे, हे त्याला पटणार तरी कसं? हेलसिंकीहून १९५२ साली कांस्यपदक घेऊन आलेला माणूस ज्यांनी आपला मानला, त्यांना 'फिनिशर मेडल' समजावून सांगताना माझाच आवाज बारीक होतो.

स्टेडियमवर मात्र मला कुणी कारण विचारत नाही. तिथं भरतीची पोरं असतात आणि त्यांना दुसऱ्याकडे बघायला वेळ नसतो. भिंतीकडेला दप्तरांचा ढीग, त्यावर मोबाइल, मोबाइलवर स्टॉपवॉच. कुणाच्या डब्यात भिजवलेले हरभरे, कुणाच्या बुटाचा तळ चांभाराकडून दोन्ही बाजूंनी शिवून घेतलेला. दोन फेऱ्यांच्या मध्ये दम खाताना एक जण सामान्यज्ञानाचं पुस्तक उघडून दुसऱ्याला जिल्ह्यातली धरणं विचारतो आणि दुसरा धापा टाकत "कोयना, धोम, कण्हेर" म्हणतो. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची. त्यातले वीस सोळाशे मीटरला, बाकीचे शंभर मीटर आणि गोळाफेकीला. सेकंद घसरले की गुण घसरतात आणि गुण घसरले की पुढच्या भरतीपर्यंत पुन्हा शेतात. माझ्या घड्याळातही सेकंद असतात, पण त्यांना काम नसतं.

त्यातल्याच एका उंच पोरानं मला शिष्य करून घेतलं. "काका, हात आवळून धरू नका, कोंबडी पळवल्यागत दिसतंय. आणि गुडघा उचला." पुस्तकातून, मोबाइलवरच्या व्हिडिओतून मी 'रनिंग फॉर्म'वर बरंच काही गोळा केलं होतं. त्या सगळ्यापेक्षा ही कोंबडी कामाला आली.

आमचं अंतरही मोठं विक्षिप्त आहे, २१.०९७५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर आणि पुढं १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. त्याचं निम्मं आमच्या वाट्याला आलं. एकवीस किलोमीटर संपल्यावर जे साडेसत्त्याण्णव मीटर उरतात, ते मी दर वेळी त्या राजघराण्याच्या नावानं पळतो आणि मनात जे येतं ते छापण्याजोगं नसतं.

पण आपल्याकडच्यांना याहून जास्त पळावं लागलंय. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत खेड्यातली पोरं पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, आणि तिथलं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जादाच. त्याच शर्यतीत साताऱ्याचे सदाशिव दातारही होते. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही. चौगुल्यांबद्दल मला आदर वाटतो, पण जवळचे वाटतात ते दातार. आमच्या जिल्ह्याचा पुढचा हिशेब माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी चुकता केला. २०१६ मध्ये रिओत त्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या आणि दहाव्या आल्या.

आमची मोठी परीक्षा म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून ती होते, पावसाळा सरत आला असताना. कराड सपाट, म्हणून चढाच्या सरावाला सदाशिवगड नाही तर आगाशिव. जुलै-ऑगस्टात बूट कधी वाळत नाहीत. रात्री 'पुढारी'चे बोळे करून बुटांत कोंबायचे आणि बूट फ्रिजमागं ठेवायचे. पहाटे बोळे काढले की अर्धा अग्रलेख मोज्याला चिकटून येतो. घरच्यांनी यावर बोलणं सोडलंय. फक्त ताजा पेपर माझ्या आधी उचलून ठेवतात.

शर्यत पोलीस परेड ग्राउंडवरून सुटते. पोवई नाक्याला ढोल-ताशे, शाळेची पोरं टाळीसाठी हात पुढं करून उभी, आज्या दारात खुर्च्या टाकून बसलेल्या. नंबराची चौकशी कुणीच करत नाही. तेवढ्या रस्त्यावर मी भलताच वेगात असतो. मग यवतेश्वरचा घाट लागतो. ढोल खाली राहतात, धुकं उतरतं आणि पुण्या-मुंबईकडचे महागड्या बुटांचे लोकसुद्धा एकेक करून चालायला लागतात. कुणी घड्याळात बघण्याचं निमित्त करतं, कुणी नाडी बांधायला वाकतं. मी निमित्त करत नाही, सरळ चालतो. उजवीकडं खाली सातारा अधूनमधून दिसतो, कठड्यावर पाणी झिरपत असतं आणि याच कामासाठी आपण पैसे भरलेत, हे आठवून हसू येतं.

गेल्या खेपेला असाच चालत होतो. एका वळणावर बंदोबस्ताचा पोलीस उभा होता, रेनकोट घातलेला, शिट्टी दातात. माझ्याकडे बघून त्यानं शिट्टी काढली.

"काका, चालताय व्हय? गुडघा उचला!"

रेनकोटात ओळखायला वेळ लागला. पण ती उंची आणि तो सूर! "झालं का रे?" म्हणून मी ओरडलो. "झालं की, मागच्या भरतीत!" म्हणाला आणि दोन्ही हातांनी कोंबडी सोडून दिल्याचा अभिनय केला. शेजारची हवालदार बाई हसायला लागली. "पळा, पळा. थांबू नका, रस्ता मोकळा करा."

आता हा सरकारी हुकूम होता. हात सैल सोडले, गुडघे उचलले आणि तो बघतोय तोवर चांगला पळालो. वळणापलीकडं त्याची हद्द नव्हती.