टँजियरला खेकडे कुठले!

अमेरिकेत मराठी माणसाचं घराचं कर्ज फिटत आलं की त्याला एक तर अध्यात्म सुचतं, नाही तर होडी. आमच्या साडूभाऊंना होडी सुचली. बाल्टिमोरमध्ये उभा जन्म संगणकापुढे बसून काढलेल्या या गृहस्थांनी ॲनापोलिसला शिडाची जुनी बोट घेतली आणि उन्हाळ्यात 'चला, बेटं दाखवतो' म्हणून आम्हा नवरा-बायकोला तीत चढवलं.

चेसापीक बे नकाशावर समुद्राएवढा दिसतो, पण त्याची सरासरी खोली 21 फूट. काठाकडे तर बगळे उभे असतात, आणि त्यांचे गुडघे कोरडे असतात. आमच्या बोटीला पाणी लागतं निदान 5 फूट. त्यामुळे साडूभाऊ क्षितिज, सूर्यास्त वगैरे काही बघत नाहीत, फक्त खोलीचं यंत्र बघतात. आकडा 7 वर आला की बोटीवर बोलायला बंदी. शिंकायचंही विचारून.

1608 साली कॅप्टन जॉन स्मिथ याच पाण्यात उघड्या होडीतून नकाशे काढत हिंडला. उथळ पाण्यात तलवारीने मासे टोचताना त्याला पाकटाने असा काटा मारला, की गडी वाचत नाही असं धरून सोबत्यांनी त्याची कबरसुद्धा खणली. संध्याकाळी स्मिथला बरं वाटलं आणि त्याने तोच पाकट रात्री जेवणात खाल्ला. ही हकिगत साडूभाऊंनी मोठ्या आवेशात सांगितली. माझी बायको देवगडची. ती म्हणाली, "पाकट खाल्ला ते ठीक, पण ओलं खोबरं कुठून आणलं असेल?"

पहिला मुक्काम मेरीलँडमधलं स्मिथ आयलंड. तिथला केक आठ-दहा थरांचा, एकेक थर आंबोळीएवढा पातळ आणि मध्ये चॉकलेट. 2008 साली मेरीलँडने तो राज्याचं अधिकृत मिष्टान्न म्हणून जाहीर केला. बायको थर मोजत होती, तेवढ्यात पुरावा साडूभाऊंनी नष्ट केला.

खरी मजा पलीकडे, व्हर्जिनियाच्या हद्दीतल्या टँजियरला. पूल नाही, मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता नाही. 2020 च्या जनगणनेत माणसं 436. गल्ल्या इतक्या अरुंद की सगळं गाव गोल्फच्या गाड्यांतून फिरतं, गोल्फ मात्र कुणी खेळत नाही. उंच जमीन कमी, म्हणून पूर्वजांच्या कबरी घरासमोरच्या अंगणात. पाण्याच्या टाकीवर एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला खेकडा. बेटावर दारू विकत नाहीत. 1998 मध्ये हॉलिवूडची एक कंपनी केव्हिन कॉस्नर आणि पॉल न्यूमनला घेऊन इथे चित्रीकरण करायला निघाली होती. पटकथेत पिणं, शिव्या आणि नको ते प्रसंग आहेत म्हणून गावच्या कौन्सिलने सरळ नकार दिला. पैसे येणार होते, तरीही!

या गावाची बोलण्याची एक तऱ्हा आहे. जे म्हणायचं त्याच्या उलट म्हणायचं आणि सूर असा लावायचा की ऐकणाऱ्याला बरोबर कळावं. मुलगी फार देखणी असेल तर 'ही काही दिसायला बरी नाही'. आम्ही धक्क्याला लागलो, म्हणजे धक्का आम्हाला लागला. दोर पकडायला आलेले पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणाले, "सुकाणू काय सुरेख धरता हो!" साडूभाऊंनी टोपी काढून आभार मानले. बायकोने मला कोपर मारलं. माहेरी तिने दुसरं काय ऐकलंय?

पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या आजोबांच्या खोपटात उथळ टाक्यांतून खाडीचं पाणी सतत वाहत होतं आणि त्यात खेकडे. त्यांनी एक उचलून मागच्या वल्ह्यासारख्या पायाची कड उजेडात धरली. तिथे केसाएवढी लाल रेघ. म्हणजे हा एक-दोन दिवसांत कात टाकणार. टाकली की लगेच बाहेर काढायचा, नाही तर शेजारी त्याला खातात, आणि शेजारी सुटले तरी काही तासांत पाठ पुन्हा कडक होते. म्हणून टाक्यांवर रात्रीसुद्धा फेऱ्या. "काहीच काम नसतं आम्हाला," आजोबा म्हणाले.

जेवताना असा मऊ खेकडा कवचासकट तळून आला. बायको वाढणाऱ्या बाईंना म्हणाली, "अजिबात चव नाही हो याला." साडूभाऊंना ठसका लागला. बाईंनी हसून तिच्या ताटात आणखी एक वाढला. मी मनापासून सरळ स्तुती केली, मला काही मिळालं नाही.

1850 पासून या बेटाची दोनतृतीयांश जमीन पाण्यात गेली आहे. 2017 मध्ये ट्रम्प यांनी इथल्या महापौरांना फोन करून सांगितलं होतं की समुद्राची काळजी करू नका, तुमचं बेट आणखी शेकडो वर्षं राहील. गावाने त्यांना भरभरून मतं दिली होती, त्यामुळे फोनचं कौतुक झालं. मला मात्र हे वाक्य टँजियरच्या पद्धतीने ऐकायचं की वॉशिंग्टनच्या, ते ठरवता आलं नाही. आजोबांना विचारलं. त्यांनी पश्चिमेच्या किनाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा काय, उदंड आहे."

निघताना त्यांनीच सांगितलं, "आज काही वारा नाही." यावरून बोटीवर वाद पेटला. बायकोचं म्हणणं, उलट धरा, तुफान येणार. साडूभाऊंचा आता स्वतःवर विश्वास उरला नव्हता. त्यांनी शीड अर्धं गुंडाळलं, आम्हाला लाइफ जॅकेटं चढवली, पाण्याच्या बाटल्यासुद्धा दोरीने बांधल्या. दुपारपर्यंत पानही हललं नाही. शेवटी इंजिन लावून आम्ही धुगधुगत निघालो. खेकडेवाल्यांच्या बोटी एकेक करून आम्हाला मागे टाकू लागल्या. त्यातल्या एकीवरून कुणीतरी हात उंचावून ओरडलं, "काय वेग आहे!"

साडूभाऊंचा हात टोपीकडे गेला.

"भाऊजी," बायको म्हणाली, "थँक्यू म्हणू नका."