नाना आणि पाना

मिस्त्री, सुतार, प्लंबर आणि रंगारी या चौघांवर आमच्या शेजारच्या नानांचा काडीचाही विश्वास नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? भोसरीच्या एका कारखान्यात उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. दुसऱ्यानं दिवसभर खपून केलेला माल टेबलावर घ्यायचा, व्हर्नियर लावायचा आणि जमेल तेवढा नापास करायचा, हीच नोकरी. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी घरी आल्या आल्या रेडिओच्या बातम्यांशी ताडून पाहिलं. दीड मिनिट मागे निघालं. यांना इतकी गाढ झोप लागलेली मी त्या रात्रीच पाहिली, असं काकू सांगतात.

निवृत्तीनंतर टेबलावर माल येईना. मग नानांनी घरातच तपासणी सुरू केली. बेडरूमची चौकट ओळंब्यात नाही, हॉलची फरशी दाराकडे उतरती आहे, आणि एकाच परातीतल्या कणकेच्या दोन पोळ्यांच्या जाडीत फरक आहे, असे निष्कर्ष निघाले. पोळ्यांचा निष्कर्ष निघाला त्याच संध्याकाळी काकूंनी व्हर्नियर तूरडाळीच्या डब्यात लपवला. तो महिनाभर सापडला नाही, कारण तूरडाळीचा डबा कोणता हे नानांना ठाऊक नव्हतं.

याच गृहस्थांनी एका रविवारी जाहीर केलं की, स्वयंपाकघर नवं करायचं आणि तेही घरच्या घरी.

त्यांचा सहकारनगरातला फ्लॅट जुना. कडाप्प्याचा ओटा, चकाकी गेलेल्या पांढऱ्या टाइल्स, ओट्याखाली पडदा आणि पडद्यामागे काय काय आहे ते एकट्या काकूंना माहीत. मुलानं मॉड्युलर किचनचं कोटेशन आणलं. नानांनी ते लाल पेन घेऊन तपासलं. बेरजेत चूक सापडेना, म्हणून शुद्धलेखनाच्या काढल्या आणि कागद परत पाठवला. मग बोहरी आळीतून ड्रिल मशीन आलं, बुधवारच्या जुन्या बाजारातून करवत आणि पटाशी, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून प्लाय. प्लाय साधा चालणार नव्हता. आयएस ७१० मानकाचा, म्हणजे बोटींना वापरतात तो मरीन प्लाय. "पानशेत पुन्हा फुटलं तरी ट्रॉल्या फुगायच्या नाहीत," नाना म्हणाले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

कामाला सुरुवात शास्त्रोक्त झाली. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा असा दंडक आहे. नानांनी काकूंना भिंतीशी उभं केलं, हात दुमडायला लावले आणि कोपर मोजलं. काकू पाच फुटी, तेव्हा हिशेबानं ओटा ३३ इंच हवा होता. होता तोही बरोबर ३३ निघाला. कुण्या अनाम मिस्त्रीनं टेप न बघता साधलेली ती उंची नानांच्या फार जिव्हारी लागली. दुपारचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही.

पण नियमांना काय तोटा! अमेरिकेत १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी स्वयंपाकघरांचा अभ्यास करून एक त्रिकोण रूढ केला. सिंक, शेगडी आणि फ्रिज हे त्याचे तीन कोन, आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी. काकूंचं स्वयंपाकघर सात बाय आठ. कसंही मोजलं तरी त्रिकोण साडेदहाच्या वर सरकेना. यावर नानांनी जो तोडगा काढला, त्याला तोड नाही. फ्रिज हॉलमध्ये गेला. बेरीज चौदा फूट भरली, त्रिकोण पास झाला आणि कोथिंबिरीची एक काडी हवी असली तरी काकूंना टीव्हीसमोरून जावं लागू लागलं.

नात पावसात भिजलेलं एक पिल्लू घेऊन आली ते याच सुमारास. पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुडकुडत होतं. अस्सल गावठी, बदामी रंगाचं, दीडेक महिन्याचं. "पाऊस थांबेपर्यंत ठेवू," सून म्हणाली. पुण्यातला पाऊस थांबला तोवर त्याच्या नावावर एक ताटली आणि एक सतरंजी झाली होती.

नानांनी पिल्लू टेबलावर घेतलं. एक कान उभा, एक पडलेला. शेपूट डावीकडे. चारी पायांत मोजे घातल्यासारखे पांढरे पट्टे, पण चौघांची उंची वेगळी. "नापास," ते म्हणाले.

"मग दुरुस्त करा ना, आजोबा," नात म्हणाली.

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उभ्या नोकरीत त्यांनी नापास केलेला माल कधी कोणी त्यांच्याकडेच दुरुस्तीला पाठवला नव्हता.

पिल्लू पहिल्या रात्री हत्यारांच्या पेटीत पान्यांवर डोकं ठेवून झोपलं, म्हणून नातीनं त्याचं नावच पाना ठेवलं. पुढचा घोळ ओघानंच आला. नाना सिंकखाली उताणे, छातीवर बॉटल ट्रॅप, डोळ्यांत पाणी, हात बाहेर काढून ओरडायचे, "पाना दे!" नात तत्परतेनं पिल्लू हातात द्यायची. ते नानांचं नाक चाटायचं आणि इकडे अँगल कॉकची धार सुरूच. "बारा-तेराचा पाना," असं स्पष्ट बोलायची सवय त्यांना लागली ती तेव्हापासून.

लस द्यायला पिल्लाला डॉक्टरांकडे नेलं तेही नानांनीच. सुई टोचण्याआधी त्यांनी बाटली मागून घेतली. बॅच नंबर, तारीख, तापमान, सगळं वाचलं. "बघा, याला म्हणतात काम," घरी येऊन ते म्हणाले. त्यांच्याकडून पास झालेला हा आमच्या पाहण्यातला पहिला माणूस. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, हे त्यांनी टाइल्सच्या वेळापत्रकातच लिहून ठेवलं.

टाइल्सचं काम पिल्लानं आपलंच मानलं. दोन टाइल्समध्ये ठेवायचे प्लास्टिकचे अधिकचिन्हासारखे स्पेसर त्याला फार प्रिय. नाना रोज संध्याकाळी ते मोजायचे. एका संध्याकाळी अडीचशेतले तीन कमी भरले. घरात घबराट झाली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "खातंय-पितंय ना? उलटी झाली तर लगेच आणा, नाहीतर शीवर लक्ष ठेवा." मग तपासणी अधिकारी हातमोजे घालून, काडी घेऊन सकाळ-संध्याकाळ पिल्लामागे बागेत फिरू लागले. दोन स्पेसर रीतसर मिळाले. तिसरा धोबी घेऊन आला, नानांच्याच सदऱ्याच्या खिशातून.

ओल्या सिमेंटनं पिल्लाच्या तळव्यांची आग होते. कांदा, लसूण, मनुका कुत्र्याला विषासमान. सुनेनं हे सांगितल्यावर स्वयंपाकघराला छोटं फाटक लावायचं ठरलं. नानांनी पिल्लाची उडी मोजली आणि त्यावर सुरक्षेची चार इंचांची भर घालून नकाशा काढला. मग बिजागऱ्यांचा अभ्यास झाला, एक नमुना पुठ्ठ्याचा झाला, तो नापास झाला, दुसरा पास झाला. फाटक बसलं तेव्हा कोपरे काटकोनात होते, बिजागरी कुरकुरत नव्हती, सगळं निर्दोष होतं. पिल्लू तेवढं चार महिन्यांचं झालं होतं. त्यानं फाटक हुंगलं, दोन पावलं मागे गेलं आणि आरामात पलीकडे उतरलं. आत जाऊन ते सिंक, शेगडी आणि फ्रिजची जुनी जागा यांच्या बरोबर मध्यावर पसरलं. इलिनॉयवाल्यांनी त्रिकोणात कुत्रा धरलेलाच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात २८. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावावंसं वाटतं. नानांच्या ट्रॉल्यांची दारं जमिनीपासून चार इंचांवर बसली ती नेमकी याच काळात. एका दुपारी पिल्लानं कडेची पट्टी सोलून काढली. आता काही खरं नाही म्हणून सगळे जमले. नाना खाली बसले, चष्मा कपाळावर केला, बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "इथे फेविकॉल कमी पडला होता." दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी निघाली, तिथेही तेच. चांगली चिकटलेली एकही पट्टी पिल्लाला सोलता आली नव्हती. त्या दिवसापासून नाना त्याला नुसतं पाना म्हणेनात, "आमचे साहेब" म्हणू लागले.

मात्र साहेबांच्या तपासणीनं काम पुढे जाईना. रोज एक पट्टी नापास व्हायची, रोज नाना ती नव्यानं लावायचे. दिवाळीचा फराळ हॉलमध्ये इंडक्शनवर झाला. चकल्यांना किंचित पांढऱ्या सिमेंटचा वास येतो, असं मुलगा म्हणाला आणि आईकडे बघून गप्प बसला.

दिवाळीनंतर कारखान्यातली जुनी मंडळी राजस्थानला सहलीला निघाली. काकूंनी गुडघ्यांचं कारण सांगून नानांना एकट्याला गाडीत बसवलं, प्लॅटफॉर्मवरूनच मिस्त्रीला फोन केला आणि नाना परत येईस्तोवर स्वयंपाकघर उभं राहिलं. ट्रॉल्या लागल्या, टाइल्स चमकल्या, फ्रिज घरात, म्हणजे आपल्या घरात, आला.

परतल्यावर नानांनी बूट न काढता लेव्हल मागितली. मग टॉर्च. मग रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल वाजवली; मागे पोकळी असेल तर आवाज बदलतो. एकही बदलला नाही. चॅनेल सरळ, पट्ट्या घट्ट, उतार बरोबर. शेवटच्या टाइलशी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. वरणभात चिवडत ते म्हणाले, "चांगलं केलंय हो," आणि नात घाबरून आईला बिलगली.

इतक्यात पाना आतून काहीतरी तोंडात धरून आला. खालच्या ट्रॉलीचं हँडल! नाना ताडकन उठले. "बघितलंत? स्क्रू आखूड! सरळ पाच एमएम आखूड! यांना पैसे मोजता तुम्ही!" तूरडाळीच्या डब्यातून व्हर्नियर निघाला, पेटी उघडली, साहेब पेटीत जाऊन बसले. रात्री अकरापर्यंत आतून शीळ ऐकू येत होती.

"मिस्त्री तयारच होत नव्हता," काकू दारात उभ्या राहून मला हळू आवाजात सांगत होत्या. "म्हणे, काकू, माझं नाव खराब होईल. शेवटी दोनशे रुपये जास्त दिले, तेव्हा आखूड स्क्रू लावला." मग आत डोकावून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सिंकखाली अजून एक आहे. तो पाडव्यासाठी ठेवलाय."