टॅलेंट शाखेचे, माणूस एजन्सीचा

सरकारी बँकांचे मनुष्यबळ कसे सुधारावे, यावर खंडेलवाल समितीने 2010 मध्ये अहवाल दिला. 'टॅलेंट मॅनेजमेंट' हा शब्द मुख्यालयांत केव्हाच रुळला. बोईसरला मात्र अजून उतरलेला नाही. बोईसर विरारच्या पुढे, तिथे लोकल कमी, हेही कारण असेल.

तारापूर एमआयडीसीत पगार झाले, की इथल्या बँकशाखांत डोकवावे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार रांगेत. त्यांच्या स्लिपा भरणारा, केवायसीला कोणता कागद चालतो ते त्यांना हिंदीत आणि विक्रमगडच्या आजीला वारलीत समजावणारा तरुण कागदोपत्री बरेचदा एजन्सीचा कंत्राटी सफाई कामगार असतो. बदलून आलेला अधिकारी सुरुवातीला त्यालाच विचारून काम करतो. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

टॅलेंट मॅनेजमेंट ठाऊक आहे का, असे विचारले तर असा तरुण एवढेच विचारील, ''त्याचं टेंडर कोणाला मिळालं?''

कर्जमंजुरीसारखे निर्णय बाहेरच्यांकडे सोपवू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2006 मध्येच बजावले. बरोबरच आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी वगैरे आठवणीने लिहिले. बढतीचा विषय त्या यादीत नव्हता.

एजन्सी बदलली, की गणवेश बदलतो आणि अनुभव पुन्हा शून्यावर येतो. नव्या एजन्सीच्या सुपरवायझरला शाखेची माहिती कोण देतो, हे वेगळे सांगायला नको.