निंदेचा परवाना

चित्रपटसमीक्षेचा जनतेवर काडीमात्र परिणाम होत नाही, हा आक्षेप सर्वथा निराधार होय. कारण १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ची अनेक विद्वान समीक्षकांनी यथेच्छ निर्भर्त्सना केली आणि तिचा मान राखून लोक मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षे पाहत राहिले. (त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ लागला की प्रेक्षक चपला काढून बसत व पडद्यावर नाणी उधळीत, एखाद्या परीक्षणावर कोणी दमडी उधळल्याची नोंद कोणत्याच दप्तरी नाही.) सबब सरकारने समीक्षकांस निंदेचा रीतसर परवाना द्यावा, निर्मात्यांनी तिच्यासाठी मुद्रांकित कागदावर अर्ज गुजरावेत आणि अनवधानाने स्तुती घडल्यास समीक्षकाकडून नुकसानभरपाई वसूल व्हावी. आमच्या परिचयाच्या एका समीक्षकांस ही योजना तत्त्वतः मान्य आहे. निंदेपूर्वी चित्रपट पाहण्याची सक्ती नसावी, एवढीच त्यांची अट.