राखीव जनित्रास नेमणुकीपूर्वीचे खुले पत्र

मेहेरबान राखीव जनित्रसाहेब यांचे सेवेशी,

मुक्काम हळ्ळीखेड (बी), तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर येथून एका साध्या गृहस्थाचा नमस्कार, विज्ञापना विशेष. आमच्या घरी आपल्या नेमणुकीची तजवीज चालू असल्याचे वृत्त, आपण ज्या दुकानाच्या दर्शनी भागात प्लॅस्टिकचे आच्छादन पांघरून विराजमान आहात तेथील मालकाकरवी आपल्या कानी एव्हाना गेलेच असेल. कारण वळवाच्या वादळात लिंबाची फांदी तारांवर कोसळून रात्रभर करंट गेला, तेव्हापासून घरातील प्रत्येक जण आपणाविषयी परस्पर बोलणी करून आला आहे, आणि ‘कितीचे घ्यायचे?’ या प्रश्नास प्रत्येकाने निराळा आकडा सांगितला आहे. सबब हा पत्रव्यवहार चारचौघांत झालेला बरा.

आपल्या हुद्द्याचा हेवा वाटतो, हे प्रथम नमूद करतो. आमच्या जिल्ह्याने 1948 पर्यंत निजामाची, 1956 पर्यंत हैदराबाद राज्याची आणि तदनंतर म्हैसूरची, म्हणजे पुढे कर्नाटक म्हणवलेल्या राज्याची कचेरी पाहिली; त्या कचेऱ्यांतून काम न करणारे अंमलदार पुष्कळ पाहिले; परंतु ज्याला काम पडूच नये अशी खुद्द मालकाचीच मनोमन इच्छा असावी, आणि तरीही ज्याच्या छपराची, तेलपाण्याची व वार्षिक तपासणीची तरतूद बिनतक्रार व्हावी, असा हुद्दा कोणत्याच राजवटीत आढळला नाही. (हा मुलूख आपलाच, असा दावा दोन राज्ये करीत आली आहेत, रात्री तार तुटल्यावर तो दावा कोणी मांडल्याचे मात्र ऐकिवात नाही.)

आपल्या कुलशीलाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या परस्परगतीतून वीज उपजते, हे फॅरेडेने 1831 साली दाखवले तेव्हापासून आपली वंशावळ सिद्ध आहे. आपल्या मातुल घराण्यातील डिझेलचे इंजिन 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. ही वार्ता आम्ही आमच्या स्वयंपाकघरापासून प्रयत्नपूर्वक गुप्त ठेवली आहे. आणि बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला 1869 साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने 1946 साली पुण्यात तेल-इंजिनांचा कारखाना काढला, या नात्याने तर आपण आम्हां सीमावासीयांचे भाऊबंदच ठरता. मोठ्या विजेशी असा घरोबा आमचा कधी जुळला नाही. कावेरीवरील शिवनसमुद्रमची वीज 1902 साली सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली. सोन्याला आधी आणि ज्वारीला मागाहून, हा क्रम त्याच वर्षी ठरून गेलेला दिसतो.

असो. आता पगाराचा, म्हणजे आकाराचा मुद्दा. दुकानदाराचे म्हणणे असे की, ‘साहेब, पुढचा विचार करा.’ त्याच्या ‘पुढच्या विचारात’ आमच्या घरी दोन वातानुकूलन यंत्रे, चिरंजीवांचे लग्न आणि लग्नाचा मांडव ही सर्व मंडळी येऊन दाखल झालेली असून, त्या हिशेबाने त्याने 10 केव्हीएच्या धिप्पाड यंत्रावर हात ठेवला. आमच्या मेव्हण्यांनी ‘पंधराचे घ्या, दारात शोभून दिसते’ अशी पुस्ती जोडली. सौभाग्यवतींनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन असा प्रश्न विचारला की जो इतक्या दिवसांत कोणासच सुचला नव्हता : करंट गेल्यावर नेमके काय काय चालले पाहिजे? नऊ वॅटचे आठ दिवे म्हणजे 72 वॅट, पंचाहत्तर वॅटचे चार पंखे म्हणजे 300. त्यांत शीतकपाट आणि दूरदर्शन मिळवले तरी बेरीज सहा-सातशे वॅटपलीकडे जाईना. मेव्हण्यांचा चेहरा उतरला. इतक्या थोड्या अंधारात आपण राहतो, हे त्यांना घराण्याच्या इभ्रतीस कमीपणा आणणारे वाटले.

त्यांच्या साहाय्यास धावून आली ती बोअरची एक अश्वशक्तीची मोटर. ही चालू झाल्यावर हजार-अकराशे वॅटांत संतुष्ट असते. परंतु सुरू होण्याच्या क्षणी पाच-सहा पट प्रवाह मागते, आणि त्या एका क्षणाच्या मिजाशीखातर आपला आकार दोनावरून पाच केव्हीएवर न्यावा लागतो. त्यातही पाटीवरच्या पाच केव्हीएचे, 0.8 या प्रचलित गुणकाने, पदरात चारच किलोवॅट पडतात, हे सांगण्यास दुकानदार विसरतो. यावर सौभाग्यवतींचा निवाडा एका वाक्याचा होता : ‘करंट असताना टाकी भरून ठेवायची.’ ज्या प्रश्नापायी आम्ही पाच केव्हीए घेणार होतो, तो सकाळी अर्धा तास लवकर उठल्याने सुटतो हे ऐकून सभेत जी शांतता पसरली, तिचे वर्णन करवत नाही.

तरीही मोठ्या आकाराचा मोह सुटत नसेल, तर आमच्या आळीतील एका श्रीमंत शेजाऱ्यांच्या वाड्याकडे पाहावे. त्यांचे डिझेलचे भव्य यंत्र रात्री गरजू लागले की कुत्री, पोरे आणि वयोवृद्ध एकदमच जागी होतात, आणि एवढ्या गर्जनेतून ओसरीवरचा एक दिवा व देवघरातला एक, असे दोन दिवे प्रकाशतात. क्षमतेच्या मानाने इतका क्षुल्लक भार असला की डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळलेले इंधन व काजळी आतच साचत जाते, आणि यंत्र निष्क्रियतेनेच आजारी पडते. म्हणजे आपल्या जातीस अतिश्रमाइतकाच आरामही बाधतो, हा एक गुण आपल्याला सरकारी नोकरांपासून वेगळा करतो. या शेजाऱ्यांच्या पलीकडच्या घरी छपरावर सौरपट आहेत. भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, तारेवरचा करंट गेला की तेही बंद पडतात. कारण ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली सौरयोजना तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी आपोआप थांबते. नियम रास्तच आहे. परंतु डोक्यावर सूर्य घेऊन घामाघूम बसलेल्या गृहस्थास तो समजावून सांगण्याची प्राज्ञा आमची नाही.

सबब हुकूम असा की, रोजच्या तास-दोन तासांच्या खोळंब्यासाठी 150 अँपिअर-तासाची एक बॅटरी व इन्व्हर्टर यांची नेमणूक करण्यात येत आहे. ही जोडी दिवे व चार पंखे तीन-साडेतीन तास सहज सांभाळते, आणि सांभाळताना ब्र काढत नाही. फांदी पडून, खांब वाकून, रात्र-दोन रात्री काळोखात जाण्याचा प्रसंग आलाच, तर त्यांच्या हाताखाली आपण, दोन केव्हीएच्या लहान पेट्रोलच्या रूपात. पद दुय्यम आहे. मान्य नसल्यास दुकानातच राहावे.

आपले बिऱ्हाड परसात, खिडक्यांपासून दूर, उघड्यावर राहील. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसास उठवून परवानगी मागण्याची त्याची रीत नाही. तेव्हा पाऊस लागतो या सबबीवर ओसरीत किंवा जिन्याखाली येण्याची दरखास्त नामंजूर समजावी. घराच्या वायरिंगशी आपली सोयरीक चेंजओव्हर स्विचखेरीज होणार नाही. प्लगमध्ये उलटी वायर खुपसून सगळे घर उजळवण्याची जी विद्या गावोगाव प्रचलित आहे, तिच्यामुळे आपली वीज उलट तारेत शिरते, रोहित्रातून जाताना हजारो व्होल्ट होते, आणि आमच्याचसाठी रात्री खांबावर चढलेल्या माणसाला गाठते. मेव्हण्यांना ही विद्या येते, म्हणून स्विचच्या खोक्याची किल्ली सौभाग्यवतींपाशी राहील.

महिन्यातून एकदा, काम असो वा नसो, पंखे व शीतकपाट जोडून दहा-पंधरा मिनिटे हजेरी द्यावी. टाकीत महिनोन्महिने शिळे पेट्रोल बाळगून कार्ब्युरेटर चिकटवून घेतल्यास, आणि ऐन वादळाच्या रात्री दोरी ओढून ओढून आमचा खांदा उतरल्यास, कोणतीही कैफियत ऐकली जाणार नाही. रुजू होण्याचा दिनांक दुकानदाराने किंमत उतरवल्यावर कळवण्यात येईल.

आपला,
करंट असताना टाकी भरणारा एक ग्राहक