नव्याला वॉरंटी, जुन्याला ओल

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबा आणि सौ. आईस,


घराचं काय झालं, हे बाबा दर रविवारी विचारतात आणि मी सांगायला लागलो की "कार्पेट एरिया किती ते आधी बोल" म्हणून अडवतात. पत्रात मध्येच बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. इथे घराचा भाव बेडरूमच्या संख्येवर सांगतात. तिसरी बेडरूम म्हणजे पलंग टाकला की दार उघडत नाही ती.

शेवटी दोन घरं उरली, एक नवं, एक जुनं. तुमच्या सुनेला नवं आवडलं होतं. सॅम्पल घरातले पलंग मुद्दाम छोटे बनवून घेतात, असा मला संशय आहे. पण घर उबदार, बॉयलर नवा आणि वर दहा वर्षांची वॉरंटी! बाबा, खूश होऊ नका. बिल्डरची जबाबदारी पहिली दोन वर्षं. पुढची आठ मुख्यतः पाया, भिंती, छप्पर यांचा विमा. तिसऱ्या वर्षी दाराची कडी हातात आली तर ती आपली. ताबा घेताना लोक पैसे देऊन एक माणूस आणतात, तो कोऱ्या घरातल्या चुका काढतो. याला 'स्नॅगिंग' म्हणतात. आत्याने हे काम फुकटात केलं असतं.

मी भिंत वाजवून पाहिली. प्लास्टरबोर्ड. देवघर टांगायचं तर आधी आतली लाकडी पट्टी शोधायची. शिवाय जमीन आपली, तरी मेंटेनन्स आहेच! वसाहतीतले रस्ते आणि हिरवळ कौन्सिलने ताब्यात घेतलेली नाही, ती सांभाळणाऱ्या कंपनीला दरवर्षी पैसे द्यायचे. आणि भांडायला सोसायटीची मीटिंगसुद्धा नाही.

दुसरं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. रेडिंग तेव्हा हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांचं गाव होतं. लाल-करड्या विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं. नऊ इंची भिंत, बाबा! सर्व्हेअरचा अहवाल मात्र जाडजूड आला. खालच्या खोलीत ओल, छपराच्या स्लेट सरकलेल्या, वायरिंग जुनं, 'तज्ज्ञाला दाखवा'. गालिचा उचलला नाही, कपाट हलवलं नाही, सबब तिथलं सांगता येत नाही. सर्व्हेअर तसं करतच नाहीत म्हणे. काय काय दिसलं नाही, याची इतकी महागडी यादी मी आजवर पाहिली नव्हती. शिवाय बागेत जपानी नॉटवीड आहे का, हे विकणाऱ्याला फॉर्मवर विचारतात. हे झुडूपही व्हिक्टोरिया राणीच्याच काळात शोभेसाठी आणलं, आता नुसतं नाव काढलं तरी कर्ज देणारे बिचकतात. आमच्या बागेत नाही म्हणतात.

शेवटी जुनं ठरवलं. ओल दिसते, तिचा वास येतो, मुख्य म्हणजे ती दाखवून भाव पाडता येतो, आणि आम्ही पाडला. नव्या घरातलं काय गळतं ते राहायला गेल्यावरच कळलं असतं. किंमत ३ लाख पौंडांच्या आत बसली, त्यामुळे पहिलं घर म्हणून स्टॅम्प ड्यूटी शून्य. वाचलेले पैसे छपरावर जातील.

आई, एक कर. इंग्लंडात मालकाने 'हो' म्हटलं तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत तो दुसऱ्याकडून जास्त पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. तेव्हा आमचा फोन येईपर्यंत पेढे वाटू नकोस, आणि बाबांना बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकू देऊ नकोस.

तुमचा,
बंड्या