बारा आणे वाटा

(चाकण. पाडायला काढलेला दोनमजली वाडा. ओसरीवर काटा, पुस्तकांचे गठ्ठे, पितळी बंब. दारात टेम्पो.)

भंगारवाला: काका, असं एकेक पान उलटत बसलात तर रद्दीपेक्षा टेम्पोचं भाडं जास्त होईल.

काका: होऊ दे. आमच्या आईला पुस्तकांत पैसे ठेवायची सवय होती. हे बघ, पोथीत निघाल्या. पाचशेच्या चौदा!

भंगारवाला: जुन्या आहेत. २०१६ला बाद झालेल्या.

काका: आठवण म्हणून ठेवीन.

भंगारवाला: आठवण दहाच ठेवा. २०१७चा कायदा आहे. त्याहून जास्त जुन्या नोटा जवळ सापडल्या तर दंड. दहा हजार किंवा किमतीच्या पाचपट, जो जास्त असेल तो.

काका: पैसे आमच्या आईचे, बाद केले सरकारनं आणि दंड मला? चार तू घे.

भंगारवाला: मला नको. माझ्याकडे आधीच नऊ आहेत.

काका: मरू दे. माझा डोळा पुस्तकांवर नाहीच. ही भिंत बघ. (टकटक करतात) पोकळ वाजते की नाही?

भंगारवाला: घुशी असतील.

काका: घुशी! १६६० साली शाहिस्तेखानानं आपल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा जवळजवळ दोन महिने झुंजला. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? सोनंनाणं पुरतो.

भंगारवाला: वाडा आजोबांनी कांद्याच्या पैशातून बांधला म्हणालात मघाशी.

काका: जागा तर जुनीच ना! चिखलीत नाही सापडलं?

भंगारवाला: सापडलं की. आमचं गोडाऊन तेव्हा कुदळवाडीत होतं, चिखलीला खेटून. २०२१च्या मार्चमध्ये पोलिसांनी सगळ्यांना दाखवल्या मुघलांच्या काळातल्या सोन्याच्या मोहरा. २१६ नग. वजन २ किलो ३५७ ग्रॅम.

काका: (डोळे मिटून) दोन किलो तीनशे सत्तावन्न…

भंगारवाला: एकेक मोहर अकरा ग्रॅमला किंचित कमी. १७२० ते १७५०च्या दरम्यानच्या. सोबत भांड्याचा तुकडा. बांधकामाच्या मातीत मजुरांना मिळाल्या. त्यांनी गुपचूप घरी नेल्या, बातमी फुटली, पोलीस दारात. मोहरा गेल्या पुरातत्त्व खात्याकडे.

काका: म्हणूनच म्हणतो, तोंडातून ब्र काढायचा नाही.

भंगारवाला: उलटं आहे, काका. रीतसर कळवलं तर बारा आणे वाटा मागता येतो.

काका: कुणाला?

भंगारवाला: ज्याला सापडलं त्याला. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, १८७८चा, निखात निधीचा. अजून चालू आहे. जमिनीत नाहीतर जमिनीवरच्या बांधकामात दडवलेलं, दहा रुपयांच्या वरचं काही निघालं की कलेक्टरला लेखी कळवायचं.

काका: दहा रुपये? दहा रुपयांत आता धड चहा येत नाही!

भंगारवाला: कायद्याला कुठं चहा प्यायचाय? ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा, चौकशी होते. खरा मालक कुणी पुढं आला नाही आणि आपसात काही ठरलेलं नसेल, तर तीन भाग सापडलेल्याला, एक भाग जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर मालाच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेतं. आणि लपवलं तर वर्षापर्यंत कैद.

काका: तुला रे एवढं कसं माहीत?

भंगारवाला: जुने वाडे पाडतो. काही निघालं तर पहिला आत मीच जाणार.

काका: थांब, थांब. म्हणजे तुझ्या पोरानं पहार मारली आणि हंडा निघाला, तर बारा आणे पोराचे आणि मला चारच?

भंगारवाला: सोमवारी खरेदीखत झालं की ते चारही बिल्डरचे.

काका: आण ती पहार इकडे!

भंगारवाला: अहो, अँजिओप्लास्टी झालीय तुमची!

काका: सापडलं मला, जागा माझी. सोळा आणे! (पहार उचलतात. ती उचलली जात नाही.) तू नुसता मागून आधार दे. आधार देणाऱ्याला वाटा नसतो ना?

भंगारवाला: नसावा. पण उताऱ्यावर नावं किती आहेत?

काका: हळू बोल.

(धपाधप चार घाव. पोपडे पडतात, मागे बुजवलेला कोनाडा. काका खांद्यापर्यंत हात घालतात.)

काका: लागलं! हाताला काहीतरी लागलं!

भंगारवाला: काय आहे?

काका: …कंदिलाची काच. आणि विड्यांचं बंडल.

भंगारवाला: दहा रुपयांच्या आत बसतंय. कलेक्टरला कळवायला नको. (काट्यावरचा गठ्ठा चाळत) काका, हा कागद कुणाचा? तुमच्या वडिलांचं नाव आहे. टेल्कोचा शेअर दाखला.

काका: टाक रद्दीत. टेल्को कुठं राहिली आता?

भंगारवाला: आहे तिथंच आहे, पिंपरीत. २००३ला टाटा मोटर्स नाव झालं. सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, पण बुडत नाहीत. अर्ज करून परत मागता येतात.

काका: (पहार सोडून) दे इकडे. आणि बघ, सापडला तुला असला तरी—

भंगारवाला: घाबरू नका, माझे बारा आणे नाहीत. पुस्तक काही जमिनीला जोडलेलं नसतं. हा माल वारसांचा. फक्त बाकीच्या वारसांची संमती लागेल, सह्यांनिशी.

काका: बाकीच्या म्हणजे… आक्काची पण?

भंगारवाला: बोलणं नाही वाटतं?

काका: हा बंब आहे ना, याच्यावरूनच बंद झालं.

भंगारवाला: बंब तर काट्यावर आहे. साडेआठ किलो भरला.

काका: उतरव! आधी उतरव तो! (फोन लावतात) हॅलो, आक्का? अगं, सहज केला. गुडघे कसे आहेत?… नाही गं, काही सापडलं नाही. मी म्हटलं का काही सापडलं म्हणून?… बंब? आहे की! तुझ्यासाठीच ठेवलाय. आत्ता चिंच लावून घासतोच आहे… कोण, दाजी? दाजी काय म्हणतायत?… भिंत? कुठली भिंत?